वाचकांचे प्रश्न : मलेशियातील तैपिंग

मागील अंकात मलेशियातील रेल्वेप्रवासाविषयी लिहिताना तैपिंग या गावाचा उल्लेख दोन ओळींत आटोपला होता. देशातील पहिली आगगाडी जिथून धावली आणि चिनी टोळ्यांच्या भांडणातून जिथे इंग्रजांचे राज्य आले ते पेराक राज्यातील जुने गाव, एवढेच त्यात म्हटले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या एकाच गावाविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त असून लवकरच मलेशियाला जाणार आहोत. क्वालालंपूर पाहून झाल्यावर एखादे जुने, लहान गाव निवांतपणे पाहावे असे मनात आहे. सहल आखून देणारे लोक मलाक्काचा आग्रह धरतात. तैपिंग त्या तोडीचे आहे का?

उत्तर : तोडीचे म्हणाल तर नाही, आणि मलाक्काची अपेक्षा मनात धरून तैपिंगला गेलात तर निराशा पदरी पडेल. मलाक्का हे पंधराव्या शतकातील सुलतानांचे बंदर आहे. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी, १६४१ मध्ये डचांनी आणि पुढे इंग्रजांनी ते घेतले, आणि या सर्वांच्या खुणा तिथे चालत फिरण्याच्या टप्प्यात आहेत. २००८ मध्ये पिनांगमधील जॉर्जटाऊनबरोबर त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि गर्दीही त्याच मानाने वाढली. शनिवारी-रविवारी तिथल्या जुन्या गल्ल्यांतून चालताना घरे कमी आणि माणसेच अधिक दिसतात.

तैपिंगचे वय फार तर पावणेदोनशे वर्षांचे आहे. तिथे भग्न तटबंदी नाही, राजवाडा नाही आणि फलकाजवळ रांग लावून छायाचित्र काढावे असे एकही ठिकाण नाही. परंतु एखादे गाव कशामुळे वसले, कशामुळे श्रीमंत झाले आणि ती श्रीमंती दुसरीकडे निघून गेल्यावर मागे काय उरले, हे एका दिवसात पायी फिरून समजून घ्यायचे असेल, तर मलेशियात याच्याइतके सोयीचे दुसरे गाव मला ठाऊक नाही. कथिलाच्या खाणींमुळे ते वसले, १८७६ पासून १९३७ पर्यंत पेराकची राजधानी राहिले, आणि किंता खोऱ्यातील खाणींच्या जोरावर इपोह मोठे झाले तेव्हा कारभार तिकडे हलवण्यात आला. राजधानी गेल्यामुळे नव्या इमारतींसाठी जुन्या पाडण्याची निकडही बरीचशी गेली. म्हणूनच कचेऱ्या, शाळा, प्रार्थनास्थळे आणि दुकानांच्या जुन्या चाळी आजही जागच्या जागी दिसतात.

आपण निवांतपणा मागत आहात, म्हणून स्पष्टच सांगतो. क्वालालंपूरहून सकाळी जाऊन रात्री परत येण्याचा बेत करू नका, दोन रात्री राहा. एका दिवसाच्या घाईत तळे आणि संग्रहालय पाहून होईल, पण संध्याकाळी पाऊस थांबल्यावर दुकानांच्या ओवरीखालून निरुद्देश चालण्यात जे सुख आहे, ते हुकेल. ज्यांना रोज नवीन काहीतरी भव्य पाहिल्यावाचून करमत नाही, त्यांनी मात्र मलाक्कालाच जावे.

प्रश्न : चिनी टोळ्यांच्या भांडणातून इंग्रजांचे राज्य आले असे आपण ओझरते लिहिले होते. हा प्रकार नेमका काय होता? आणि त्याच्या खुणा आज तिथे दिसतात का?

उत्तर : त्या भागाचे जुने नाव लारूत. पेराकचे एक मलाय सरदार लाँग जाफर यांच्या काळात, १८४८ च्या सुमारास, तिथे कथिलाचा शोध लागला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खाणी खणायला मजूर हवेत म्हणून दक्षिण चीनमधून माणसे येऊ लागली आणि ती ज्या गुप्त मंडळांच्या आश्रयाने आली, ती मंडळे हळूहळू खाणींची मालकच होऊन बसली. हाय सान मंडळाचे लोक आजच्या तैपिंगच्या जागी होते, तर घी हिन मंडळाचे लोक जवळच्या कामुंटिंगला होते. कथील धुवायला वाहते पाणी लागते, आणि १८६१ मध्ये पहिला भडका उडाला तो खाणीकडे येणाऱ्या पाण्याच्या पाटावरून. १८६५ मध्ये जुगाराच्या अड्ड्यावरील तंटा पेटला. पुढे पुन्हा दोनदा लढाई झाली आणि १८७३ पर्यंत खाणी ओस पडण्याची वेळ आली. लाँग जाफर यांचे पुत्र नगाह इब्राहिम यांच्याकडे लारूतचा अधिकार होता, परंतु त्यांनाही कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकावे लागत होते.

त्याच सुमारास पेराकच्या गादीचाही वाद चालू होता. १८७१ मध्ये सुलतान अली वारल्यावर राजा अब्दुल्ला यांना डावलून राजा इस्माईल यांना गादीवर बसवण्यात आले होते. अब्दुल्ला यांनी इंग्रजांकडे दाद मागितली, आणि तोवर मलाय राज्यांच्या अंतर्गत भानगडींत पडायचे नाही असे म्हणणाऱ्या इंग्रजांना हे निमंत्रण सोयीचे वाटले, कारण पिनांग आणि सिंगापूरच्या व्यापाऱ्यांचा पैसा या खाणींत अडकलेला होता. २० जानेवारी १८७४ रोजी पांगकोर बेटाजवळ करार झाला. अब्दुल्ला सुलतान ठरले, दोन्ही चिनी मंडळांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि पेराकमध्ये एक इंग्रज रेसिडेंट नेमला गेला, ज्याचा सल्ला मलाय धर्म व रूढी सोडून इतर सर्व बाबतींत घेणे आणि पाळणे सुलतानाला बंधनकारक झाले. पाळावाच लागतो त्या सल्ल्याला हुकूम म्हणतात, हे पेराकच्या सरदारांना समजायला फार वेळ लागला नाही. पहिला रेसिडेंट जेम्स बर्च याची २ नोव्हेंबर १८७५ रोजी पासिर सालाक येथे हत्या झाली. त्यानंतर इंग्रजांनी सैन्य आणले, खटले चालवले, हत्येमागचे मुख्य मलाय सरदार महाराजा लेला यांना फाशी दिले आणि सुलतान अब्दुल्ला व नगाह इब्राहिम या दोघांची सेशेल्स बेटांवर रवानगी केली.

खुणा दिसतात का, तर होय. गावापासून काही किलोमीटरवर मातांग येथे नगाह इब्राहिम यांचा कोट आहे. तो भुईकोटापेक्षा तटबंदीच्या आत बांधलेल्या वाड्यासारखा अधिक दिसतो. बर्चच्या हत्येचा खटला ज्या वास्तूत चालला ती हीच. म्हणजे ज्यांचे घर, त्यांच्याच सहकाऱ्यांवर तिथे न्यायाधीश बसले. आता तिथे संग्रहालय आहे. तैपिंगला फक्त तळे पाहून परत येणारे बहुतेक प्रवासी हे ठिकाण टाळतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात.

आपल्या वाचकांना रस वाटेल असा एक उपकथाभागही आहे. नगाह इब्राहिम यांनी टोळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी कॅप्टन स्पीडी नावाच्या, मीरतमध्ये जन्मलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला नेमले, आणि त्याने हिंदुस्थानातून शीख व पठाण जवानांची तुकडी भरती करून आणली. तीच पुढे पेराकच्या सशस्त्र पोलिसांचा पाया ठरली आणि त्यातूनच मलाय स्टेट्स गाइड्स ही पलटण उभी राहिली, जिचे मुख्यालय तैपिंगला होते.

प्रश्न : तळ्यावर वाकलेल्या झाडांची छायाचित्रे फार सुंदर दिसतात. प्रत्यक्षात तसे आहे का? आणि संग्रहालयासाठी वेळ काढावा का?

उत्तर : झाडे छायाचित्रांपेक्षा सरस आहेत, कारण छायाचित्रात त्यांचा आवाका मावत नाही. ती पर्जन्यवृक्षाची झाडे आहेत. तळ्याच्या काठाने जो रस्ता जातो त्याच्या एका बाजूला त्यांचे बुंधे आहेत, आणि फांद्या मात्र रस्ता ओलांडून पलीकडे थेट पाण्याला टेकतात. जवळ जाऊन पाहिले तर या फांद्यांवर नेचे आणि बांडगुळे इतकी दाट वाढलेली असतात की मूळ साल शोधावी लागते. झाडाखालून चालणाऱ्याला पाऊस थांबल्यावरही बराच वेळ थेंब झेलावे लागतात. हे सारे उद्यान १८८० च्या दशकात उजाड झालेल्या कथिलाच्या खाणींवर आखले गेले. आज ज्यांना आपण तळी म्हणतो ते खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे आहेत. सकाळी सातच्या सुमारास जावे. त्या वेळी गावातील वृद्ध मंडळी फेऱ्या मारत असतात, मागच्या डोंगरावरचे ढग अजून उतरलेले नसतात आणि ऊनही सोसवते. उद्यानाला लागून १९६१ मध्ये सुरू झालेले प्राणिसंग्रहालय आहे. रात्रीची फेरी मुलांना आवडते, मोठ्यांनी ती सोडली तरी चालेल.

संग्रहालयासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. १८८३ मध्ये, सर ह्यू लो रेसिडेंट असताना, त्याची स्थापना झाली आणि ते देशातील सर्वांत जुने संग्रहालय मानले जाते. पेंढा भरलेले प्राणी, सांगाडे, आदिवासी ओरांग अस्ली जमातींची हत्यारे व टोपल्या, अशी त्याची मांडणी जुन्या वळणाची आहे. दिवे आणि पडदे लावून गोष्ट सांगणाऱ्या नव्या संग्रहालयांची सवय झालेल्यांना ते धुळकट वाटण्याचा संभव आहे. मला विचाराल तर एकोणिसाव्या शतकातील अधिकाऱ्याला आपल्या ताब्यातील मुलुखाविषयी काय जमवून ठेवावेसे वाटत होते, हे त्या मांडणीतूनच उत्तम कळते. दुरुस्तीसाठी अशा जुन्या इमारती अधूनमधून बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावे.

संग्रहालयासमोर जी उंच भिंत दिसते ती तुरुंगाची. तो १८७९ मधला असून अजून वापरात आहे, म्हणून तिथे कॅमेरा आवरता घ्यावा. त्याच रस्त्याला पुढे ऑल सेंट्स हे लाकडी चर्च आहे. ते १८८० च्या दशकातील आहे आणि त्याच्या आवारातील थडग्यांवर मरणाऱ्यांची वये वाचली की उष्ण कटिबंधातील नोकरी तेव्हा काय चीज होती ते कळते.

प्रश्न : क्वालालंपूरहून कसे जावे? पहिल्या आगगाडीच्या मार्गावरून आज प्रवास करता येतो का?

उत्तर : क्वालालंपूरच्या सेंट्रल स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी ईटीएस ही विजेवरची जलद गाडी तीन तासांहून थोड्या अधिक वेळात तैपिंगला पोहोचवते. सुटीच्या दिवसांत आणि सणांच्या आसपास जागा लवकर संपतात, त्यामुळे तिकीट आधीच काढावे. पिनांगहून येणाऱ्यांनी बटरवर्थला गाडी पकडावी. गावात फिरायला पाय पुरेसे आहेत, आणि मातांगसारख्या बाहेरच्या ठिकाणांसाठी ग्रॅब या मोबाइल अ‍ॅपवरून मोटार मिळते. परतीच्या वाटेवर वेळ असेल तर क्वाला कांगसार स्थानकावर उतरावे. पेराकच्या सुलतानांचे गाव ते, आणि तिथली सोनेरी घुमटांची उबुदिया मशीद पाहण्यासारखी आहे.

पहिला मार्ग मात्र आता उरलेला नाही. १ जून १८८५ रोजी तैपिंग ते पोर्ट वेल्ड ही सुमारे तेरा किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. प्रवाशांपेक्षा कथील बंदरापर्यंत नेणे हाच तिचा हेतू होता. पोर्ट वेल्डचे नाव आता क्वाला सेपेतांग आहे. तिथे रूळ नाहीत, फलाट नाही, पण स्थानकाच्या नावाची पाटी मात्र वस्तीच्या मधोमध अजून उभी आहे. रोमन, अरबी वळणाची जावी, चिनी आणि तमिळ अशा चार लिप्यांत तिच्यावर नाव लिहिलेले आहे. त्या काळी गाडीत कोणकोण बसत असेल याचा अंदाज या पाटीवरून बरोबर बांधता येतो.

प्रश्न : तिथे म्हणे बारमाही पाऊस असतो. मग कोणत्या महिन्यात जावे?

उत्तर : मलाय द्वीपकल्पातील सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत तैपिंगची गणना होते. वर्षाला सरासरी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस तिथे पडतो, आणि याचे कारण गावाच्या पाठीशी भिंतीसारखा उभा असलेला डोंगर हे आहे. समुद्रावरून येणारी दमट हवा त्या डोंगरावर चढते आणि तिथेच रिकामी होते. कोरडा म्हणावा असा महिना नाही. त्यातल्या त्यात जून-जुलै आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस कमी असतो, तर एप्रिलच्या आसपास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वाधिक. परंतु महिन्यापेक्षा दिवसाची वेळ पाहणे अधिक उपयोगाचे आहे. पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, आणि तो किती वाजता येईल यावर पूर्वी गावात पैजा लागत असत. सकाळी मोकळ्यावरची ठिकाणे, दुपारी संग्रहालय किंवा कॉफीचे दुकान, संध्याकाळी पुन्हा तळे, असा क्रम ठेवला की पावसाचा त्रास वाटत नाही. छत्री घ्यावी. रेनकोटात त्या उकाड्यात माणूस आतूनच भिजतो.

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे बंधू दुसऱ्या महायुद्धात मलायात लढताना गेले, एवढेच घरी माहीत आहे. तैपिंगला युद्धस्मशान आहे असे कळले. तिथे त्यांचे नाव मिळेल का?

उत्तर : आपले पत्र वाचून हा प्रश्न सदरात घ्यावा असे आवर्जून वाटले, कारण मलायातील लढाईत हिंदी सैन्याचा वाटा फार मोठा होता आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली जात नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य उत्तरेकडून उतरले तेव्हा त्याला पहिल्यांदा तोंड दिले ते प्रामुख्याने अकराव्या हिंदी डिव्हिजनने. जित्रा येथील पराभवानंतर माघार सुरू झाली, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले.

तैपिंगचे युद्धस्मशान तळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. युद्ध संपल्यावर रणांगणे, तात्पुरती दफनस्थळे आणि खेड्यांतील स्मशाने यांतून मृतांचे अवशेष इथे आणण्यात आले. साडेआठशेहून अधिक सैनिक इथे आहेत आणि त्यांपैकी पाचशेहून अधिकांची ओळख पटलेली नाही. रस्त्याच्या एका बाजूला ख्रिस्ती सैनिकांची थडगी आहेत, तर दुसऱ्या बाजूला हिंदी सैन्यातील मुसलमान, शीख, हिंदू व गुरखा सैनिकांची. शिळा सगळ्या एकाच मापाच्या आहेत. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या शिळेवर केवळ हिंदी सैन्यातील एक सैनिक अशा अर्थाची ओळ आहे. तिथे जाणार असाल तर हे मनाची तयारी ठेवून पाहावे लागेल.

परंतु प्रवासाचा खर्च करण्याआधी घरबसल्या एक काम करावे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची सूची असून तिथे नावावरून, पलटणीवरून आणि मृत्यूच्या वर्षावरून शोध घेता येतो. हिंदी नावांचे इंग्रजी स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनांनी मनाला येईल तसे केलेले असते. आडनाव अनेकदा नोंदलेलेच नसते, वडिलांचे व गावाचे नाव मात्र पुष्कळदा असते. म्हणून निरनिराळी स्पेलिंगे घालून पाहावीत आणि घरात जुने पेन्शनचे कागद, पदक किंवा पत्र असल्यास त्यावरील सेवा क्रमांक शोधावा, कारण क्रमांक मिळाला की चुकण्याची शक्यता जवळजवळ राहत नाही. ज्यांचे थडगे कुठेच नाही अशा चोवीस हजारांहून अधिक जणांची नावे सिंगापूरमधील क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत. तसेच ज्यांचे धर्मानुसार दहन झाले अशा सुमारे आठशे जणांसाठी, ज्यांत बहुतेक हिंदी सैनिक आहेत, तिथेच स्वतंत्र स्मारक आहे. आपल्या आजोबांचे बंधू हिंदू असतील, तर तैपिंगपेक्षा क्रांजीलाच नाव सापडण्याचा संभव अधिक आहे. म्हणून आधी सूची पाहावी आणि मगच तिकिटे काढावीत.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडेही चालत नाही. उपाशी राहावे लागेल का?

उत्तर : उपाशी राहावे लागणार नाही, परंतु डोळे मिटून खाताही येणार नाही. तमिळ लोकांची उपाहारगृहे गावात आहेत. केळीच्या पानावरचा भात, सांबार, भाज्या, डोसा हे सारे तिथे मिळते, आणि शाकाहारी हा शब्द तिथे आपल्याच अर्थाने समजला जातो. बौद्ध पद्धतीची चिनी शाकाहारी दुकानेही असतात आणि त्यांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मात्र तिथले मांसासारखे दिसणारे पदार्थ पाहून दचकू नये, ते सोयाबीन, गव्हातील प्रथिने किंवा अळिंबी यांचे केलेले असतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो, तेव्हा नऊ दिवस अनेक चिनी लोक शाकाहार पाळतात आणि ठेल्यांवर पिवळी निशाणे लागतात. ऑक्टोबरच्या सुमारास गेलात तर याचा लाभ घ्या.

खरी अडचण भाजीच्या पदार्थांत असते. मलाय स्वयंपाकात बेलाचान नावाचा वाळवून कुटलेल्या कोळंबीचा गोळा चवीला घालतात आणि त्यात परतलेल्या हिरव्या भाजीलाही ते लोक भाजीच म्हणतात. सांबाल या चटणीत सुक्या माशांचे तुकडे असू शकतात. तैपिंगचे चार क्वे तियाव, म्हणजे तांदळाच्या रुंद शेवया लोखंडी कढईत भडक आचेवर परतून केलेला पदार्थ, फार नावाजलेला आहे, पण त्यात कोळंबी आणि पुष्कळ ठिकाणी डुकराची चरबी असते. फक्त भाजी घालून करा एवढे सांगून भागत नाही, कारण कढई तीच असते. रोटी चनाई, म्हणजे पराठ्यासारखी पदरांची रोटी, घेताना सोबतचे वरण निराळ्या भांड्यातले आहे ना, की त्यात माशाचा रस्सा मिसळला आहे, हे विचारावे. मलायमध्ये दागिंग म्हणजे मांस, आयाम म्हणजे कोंबडी, इकान म्हणजे मासा, उदांग म्हणजे कोळंबी आणि तेलूर म्हणजे अंडे. साया ताक माकान या तीन शब्दांपुढे, म्हणजे मी खात नाही यापुढे, हे पाचही शब्द आणि शेवटी बेलाचान म्हणून दाखवले की समोरच्याच्या ध्यानात सारे येते.

गोड खाणाऱ्यांसाठी चेंदोल आहे. नारळाच्या दुधात ताडगुळाचा पाक, किसलेला बर्फ आणि पानदान नावाच्या सुगंधी वनस्पतीच्या पानांनी रंगवलेल्या तांदळाच्या हिरव्या शेवया, असा तो प्रकार निर्धोक आहे आणि दुपारच्या उकाड्यात त्याला तोड नाही. कॉफी मागताना नुसते कोपी म्हटले तर घट्ट गोड दूध घातलेली येते. काळी हवी असेल तर कोपी ओ म्हणावे, आणि त्यातही साखर नको असेल तर पुढे कोसोंग जोडावे.

प्रश्न : मुले बरोबर आहेत. क्वाला सेपेतांगला पाटीखेरीज काय आहे?

उत्तर : मुलांसाठी तीच सर्वांत चांगली सहल ठरेल. त्या गावाभोवती मातांगचे खारफुटीचे राखीव जंगल आहे. ते सुमारे चाळीस हजार हेक्टरचे असून विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिथे तोड आणि लागवड यांचे चक्र ठरवून दिलेले आहे. एकदा तोडलेल्या भागाची पाळी साधारण तीस वर्षांनी येते, म्हणून शंभर वर्षे लाकूड काढूनही जंगल शिल्लक आहे.

या लाकडाचा कोळसा करण्याच्या भट्ट्या पाहाव्यात. विटा आणि माती यांनी लिंपलेले, माणसापेक्षा कितीतरी उंच असे ते गोल घुमट असतात. खाडीतून होड्यांनी आलेल्या बकाऊ या खारफुटीच्या झाडाच्या ओंडक्यांची साल आधी झोडपून काढतात आणि मग एकेक ओंडका खांद्यावरून आत नेऊन उभा रचतात. ओंडके जमिनीला थेट टेकू देत नाहीत, खाली मातीचे तुकडे ठेवतात. नंतर दार विटांनी चिणत आणून खाली छोटेसे तोंड ठेवतात आणि त्या तोंडाशी जाळ करतात. आतले लाकूड पेटत नाही, तापून भाजते आणि त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. भट्टी भरण्यापासून थंड कोळसा बाहेर काढेपर्यंत सुमारे महिना जातो. आत काय चालले आहे हे ओळखण्यासाठी कामगार उपकरणापेक्षा घुमटाच्या भोकांतून येणाऱ्या धुराच्या वासावर आणि उष्णतेवर भरवसा ठेवतात. सकाळी गेल्यास काम चालू असलेले दिसते. आत शिरण्याआधी विचारावे, आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

संध्याकाळी होडीतून काजवे दाखवण्यासाठी नेतात. चांदणे जितके कमी तितके काजवे ठळक दिसतात, म्हणून पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळावेत. मोबाइलचा दिवा बंद ठेवण्याची ताकीद मुलांपेक्षा मोठ्यांनाच द्यावी लागते.

प्रश्न : मॅक्सवेल हिल या थंड हवेच्या ठिकाणी जाता येते का?

उत्तर : त्याचे आजचे नाव बुकित लारूत. इंग्रजांनी १८८० च्या दशकात वसवलेले हे ठिकाण तैपिंगच्या माथ्यावरच आहे आणि पूर्वी तिथे फक्त सरकारी जीपगाड्या जात असत. अलीकडच्या वर्षांत दरडी कोसळल्यामुळे आणि रस्त्याच्या कामामुळे ही वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली आहे. सध्याची स्थिती तिथे पोहोचल्यावरच विचारावी आणि त्यावर सहलीचा बेत उभारू नये. पायी चढण तीव्र आहे, निवृत्त मंडळींनी हट्ट धरू नये.

प्रश्न : व्हिसा आणि पैशांची व्यवस्था कशी करावी?

उत्तर : १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय नागरिकांना तीस दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी मलेशियाचा व्हिसा लागत नाही, आणि ही सवलत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवलेली आहे. त्यानंतर जाणाऱ्यांनी नियम नव्याने तपासावा. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आगमनाचा अर्ज भरावा लागतो. तो विनामूल्य आहे, पण पैसे घेऊन भरून देणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळे असतात, त्यांपासून सावध राहावे. परतीचे तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता हाताशी ठेवावा. परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री दहा रिंगिट पर्यटन कर पडतो. तो बहुधा आगाऊ भरलेल्या भाड्यात धरलेला नसतो आणि खोलीची किल्ली घेताना मागितला जातो, म्हणून हॉटेलवाल्याशी हुज्जत घालू नये. तैपिंगच्या खाण्याच्या ठेल्यांवर परदेशी कार्ड चालेल अशी आशा धरू नका. पाच-दहा रिंगिटच्या नोटा जवळ असू द्या, आणि त्या क्वालालंपूरलाच सुट्या करून घ्या.